सोमीचं घर

दिवाळी नुकतीच आटोपली होती. सांगलीहून नाशिक आणि तिथून त्र्यंबकमार्गे जव्हारची एसटी, असा प्रवास करत मी निघाले. मांडीवर रंगांची पेटी होती, पायांशी कागदांची गुंडाळी. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता माझी स्वतःची चित्रं कधी थांबली ते मलाही कळलं नव्हतं. एका कलामंडळाने निसर्गचित्रणाचा आठवडा ठेवला होता. पत्रक वाचून माझा नवरा, श्रीकांत, म्हणाला, "जा तू. आम्ही पिठलं-भातावर राहू." एवढ्या वर्षांत घराबाहेर एकटी अशी मी पहिल्यांदाच पडत होते.

मोखाड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना वाळत चाललेलं पिवळं गवत आणि कापणी झालेली डोंगरउतारावरची शेतं दिसू लागली. जव्हारला सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेत आमची सोय होती. जेवायला नागलीची (नाचणीला इथे नागली म्हणतात) भाकरी आणि उडदाची आमटी. आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या वयस्कर चित्रकारांना सगळे नुसतं सर म्हणत.

पहिल्या दिवशी जव्हारजवळच्या शिरपामाळावर गेलो. वारा असा, की माझा कागद चिमट्यांसकट उडून दरीत गेला. सगळे हसले, मीही हसले. पुढची चित्रं मात्र काही केल्या जमेनात. हात अजून शाळेतल्या फळ्यावरच होता. ज्या आठवड्याची इतकी वाट पाहिली तो असाच जातो की काय, या विचाराने जेवण गोड लागेना.

मग जीपने आम्हाला मोखाड्याकडच्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) नेलं. वस्तीच्या कडेला एक कुडाचं घर होतं. शेणमातीने लिंपलेल्या भिंती, मागे निळसर डोंगर. समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसले आणि जलरंगात ते चित्र आपोआप आल्यासारखं आलं. सर मागे येऊन उभे राहिले. "हे शेवटच्या दिवशी प्रदर्शनात मधोमध लावू," म्हणाले. आनंदाने मला रडू यायचंच बाकी होतं.

थोड्या वेळाने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक तरुण बाई थांबली. तिचं नाव सोमी.

"हा तं आमचा घर," ती म्हणाली. मग वाकून पाहिलं. "म्हातारी कुठं?"

"कोण म्हातारी?"

"माझी सासू. दारात बसते ना ती."

दोन दिवसांनी ती, नवरा आणि मुलं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार होती, थेट पावसाळ्यापर्यंत. सासूचे पाय गेलेले, त्यामुळे ती मागे राहणार. शेजारी राहणारी सोमीची जाऊ तिला बघणार होती.

"हा माला देशील?" सोमीने विचारलं. "भट्टीवर घर दिसत नाय. पर म्हातारी काढ त्याच्यात."

ते चित्र मला प्रदर्शनासाठी हवं होतं. दुसऱ्या दिवशी तेच घर पुन्हा काढून बघितलं, तिला द्यायला. ते कोरडं आलं. शेवटी पहिलंच चित्र पुढे ओढलं आणि सोमीच्या सासूला, त्या आजींना, दारात बसायला सांगितलं.

"माझा तोंड कशाला काढते? वाकडा झालाय," आजी कुरकुरल्या; पण बसल्या.

वाळलेल्या जलरंगावर पांढरा पोस्टर रंग चढवून मी त्यांचे केस काढले, नखाएवढा चेहरा काढला. सर आले आणि वाकून पाहू लागले. "बिघडवलंत. आता डोळा डोंगराकडे जातच नाही, त्या म्हातारीकडेच जातो."

"हो," मी म्हटलं.

सोमीने चित्र दोन्ही हातांनी लांब धरलं. "हां. आता घरात कोणतरी हाय."

त्यांना न्यायला ट्रक आला तेव्हा मी तिथेच होते. भांडी, कोंबड्या, मुलं, सगळं वर चढलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्र सोमीने गोधडीत खुपसलं. दारात बसलेल्या आजींनी मान वर केली नाही. सोमीनेही तोंड फिरवून ठेवलं होतं. ट्रकचा आवाज विरल्यावर आजींनी विचारलं, "तुझे घरी कोण कोण?"

मी नवऱ्याचं आणि मुलांची नावं सांगितली.

"मग घरी जा," त्या म्हणाल्या.

त्या क्षणापासून मला घरचे वेध लागले. प्रदर्शनात माझं ते कोरडं चित्र दरवाजामागे लागलं. मी ते नीट पाहिलंही नाही.

सांगलीला पोचल्यावर श्रीकांतने गुंडाळी सोडून एकेक चित्र पाहिलं. "सगळ्यात चांगलं कुठलं?"

"ते आणलं नाही." मी सगळं सांगितलं.

तो चित्रं पुन्हा गुंडाळू लागला. मग म्हणाला, "सोमीला घर मिळालं. त्या आजींकडे काय राहिलं?"

मी लगेच कागद लावला. आजींसाठी सोमी काढायची आणि शिबिराच्या लोकांकडून पाड्यावर पोचवायची. गवताचा भारा आला, लुगड्याचा काष्टा आला. चेहऱ्यापाशी हात थांबला. तिच्या घराकडे मी इतका वेळ बघत बसले होते, की तिच्याकडे नीट बघायचं राहूनच गेलं होतं.