करंजी घाटातला दगड

देवीवर माझा राग होता आणि तो मी लपवतही नव्हतो. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, तीन वर्षांपूर्वी काविळीने गेले. ज्या माणसाने मोहट्याच्या देवीची एकही पौर्णिमा चुकवली नाही, त्याला तिने पंधरा दिवसांत उचलून नेलं. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी तिचाच अंगारा मागितला. तो मी त्यांच्या कपाळाला लावला आणि सगळं आटोपून घरी आल्यावर देव्हाऱ्यातला तिचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. बायको रडली, पण फोटो सरळ करायची तिची हिंमत झाली नाही.

आमचा धंदा अण्णांनीच उभा केलेला. अपघातात चेपलेले ट्रक लिलावात घ्यायचे, टोचन करून, म्हणजे लोखंडी दांड्याने पुढच्या गाडीला जोडून, सुप्याच्या आवारात आणायचे आणि तिथून तसेच ओढत बंदरावर पोचवायचे. आफ्रिकेतले व्यापारी ते घेतात, दुरुस्त करतात आणि तिकडच्या रस्त्यांवर ते पुन्हा धावतात. लातूर, नांदेड, कुठून कुठून आम्ही असे सांगाडे ओढून आणले आहेत. अण्णा गेल्यावर मला त्या गाड्यांचाही राग यायला लागला. मोडक्या लोखंडाला दुसरा जन्म मिळतो आणि माझ्या भावाला पन्नाशीही बघायला मिळत नाही, हा कुठला न्याय? देवी समोर आली असती तर भर बाजारात तिला हे विचारायला मी कमी केलं नसतं.

टोचनमध्ये मागच्या बंद गाडीच्या स्टेअरिंगवरही एक माणूस बसावा लागतो. ते काम माझं. बंद ट्रकमध्ये हवेचा दाब नसतो आणि दाब नसला की त्याचे ब्रेक आवळून बसतात, म्हणून ते आधीच ढिले करून ठेवावे लागतात. म्हणजे मागच्याच्या हातात फक्त स्टेअरिंग, थांबणं आणि चालणं सगळं पुढच्याच्या मर्जीवर. निघण्यापूर्वी अण्णा खाली वाकून दांड्याच्या प्रत्येक पिनेला हळदकुंकू लावायचे आणि मग नारळ फोडायचे. मी देवीवरच्या रागापोटी ते सगळं बंद केलं. कुंकू लावायला वाकलं की पिन नीट बसली आहे का, तिच्या टोकाची कडी अडकवली आहे का, हे बोटांना आपोआप कळायचं. पूजेबरोबर ती तपासणीही बंद झाली, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पाथर्डीजवळ उलटलेला एक दहाचाकी ट्रक घेऊन आम्ही निघालो. पुढची गाडी माझा मेव्हणा विलास चालवणार होता. दांडा मीच जोडला. विलास घुटमळत म्हणाला, "दाजी, नारळ आनू का? पाच मिन्टांचं काम हाय."

"तुझ्या देवीला म्हणावं, आधी माझा भाऊ आणून दे," मी म्हणालो. तो बिचारा जाऊन गाडीत बसला.

अकराच्या सुमाराला आम्ही करंजी घाट चढत होतो. एका वळणावर खट्कन आवाज झाला आणि विलासची गाडी लांब जाऊ लागली. मला वाटलं, हा एवढ्या घाईने कुठे निघाला. मग रस्त्याकडेचं झाड पुढे सरकताना दिसलं आणि कळलं की मीच मागे चाललोय. पाय सवयीने ब्रेकवर गेला. तो आपल्याच हाताने ढिला केलाय, हे पायाला कोण सांगणार? आरसे अपघातातच फुटलेले होते. स्टेअरिंग डोंगराच्या बाजूला वळवायला गेलो, तर ते दगडासारखं जड. मागे दरी होती. आणि मला सांगायला आजही लाज वाटते, पण त्या वेळी तोंडातून तिचंच नाव निघालं. "आई, सांभाळ!" मी लहान पोरासारखा ओरडलो.

जोराचा हिसका बसला, माझं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं आणि ट्रक थांबला.

खाली उतरून मी मागे गेलो. मागच्या चाकाखाली एक मोठा घडीव दगड रुतला होता. त्याच्या शेजारी एक पन्नाशीचा माणूस मांडी घालून बसला होता आणि डावा हात त्याने धोतराच्या सोग्यात गुंडाळला होता. धोतर लाल होत चाललं होतं. घाटाच्या कठड्याची डागडुजी चालू होती आणि तो त्या कामावरचा गवंडी होता. मला बघून तो म्हणाला, "दगड हाताशी हुता, लोटला. हात काडाया जरा येळ झाला." विलास धावत आला. मागून येणारी एक जीप थांबवून आम्ही त्या गवंड्याला नगरला दवाखान्यात नेलं. त्याची तीन बोटं गेली.

घरी आल्यावर जो तो म्हणाला, देवी पावली. बायकोने पुरणपोळी केली. मी मोहट्याला गेलो, दोन वर्षांनी तिच्यासमोर उभा राहिलो, आणि आभार मानायच्या ऐवजी तिला जाब विचारला. मला वाचवलंस, मान्य. पिनेची कडी अडकवायला मी विसरलो होतो, तरी वाचवलंस. पण माझ्या चुकीसाठी त्यांचीच बोटं का घेतलीस? माझी होती की दोन्ही हातांची दहा. मी प्रसाद न घेताच खाली उतरलो.

त्या गवंड्याचं नाव उत्तमराव. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी देवीचा अंगारा आणि साडीचोळी नेली होती. त्यांच्या बायकोने पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमची देवी तुमाला पावली, लई चांगलं झालं. आमाला तिचं काय करायचं? ह्यांना आता भिंतीची दोरी धरता येत न्हाई." मी मान खाली घातली. कडी माझ्याकडून राहिली होती, हे मी त्या दोघांना तिथेच सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या बसतील, आणि बसल्या तर बऱ्या.

 उत्तमराव म्हणाले, "पाव्हनं, तुमी आत हाय का न्हाई, ते बी मी बघितलं नव्हतं. गाडी मागं येत हुती, एवढंच. देवीबिवीचं मला काय म्हाईत न्हाई." आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

त्या माणसाने मला बघितलंही नव्हतं. मी मात्र इतकी वर्षं देवीकडे माझ्या घराचं, माझ्या भावाचं, माझ्या गाडीचं मागत आलो आणि नाही मिळालं की तोंड फिरवलं. आता मी तिच्याकडे काही मागत नाही. मागायची भीतीच वाटते, कारण ती देते ते कुणाच्या अंगावरून काढून देते, हे मी पाहिलंय. नमस्कार मात्र रोज करतो. राग अजून पूर्ण गेलेला नाही, तोही तिच्यापुढेच ठेवतो.

रविवारी आमच्या गाड्या बंद असतात. त्या दिवशी मी उत्तमरावांच्या कामावर जातो. विटा उजव्या हाताने तेच लावतात, रांग सरळ ठेवायची दोरी आणि ओळंबा मी धरतो. पहिल्या दिवशी माझ्याकडून दोरी हलली, तेव्हा ते खेकसले, "हलू नका, भिंत वाकडी हुईल." मी श्वास धरून उभा राहिलो. अजूनही ते सांगतील तेवढा वेळ मी तसाच उभा राहतो, आणि त्यांनी "सोडा" म्हटल्याशिवाय दोरी सोडत नाही.