अक्काला ऐकवलेलं बोरान

आज पिंप्राळ्यात गच्चीवर वावटळीची धूळ तोंडात गेली आणि मी मनाने थेट कित्येक वर्षांमागच्या साक्रीच्या बसस्टँडवर पोहोचलो. अक्का सासरी निघाली होती, मला तिला एक दिवस थांबवायचं होतं. समोर वावटळ उठली, तसा मी हात गरगर फिरवत सुरू झालो, "अक्का, तुर्की भाषांत वादळाला बोरान म्हणतात! मूळ अर्थ म्हणे पीळ घालणं!"

"बस कर भाऊ, गाडी उनी!" स्टँडात शिरणाऱ्या बसकडे बोट दाखवत अक्का म्हणाली.

"वावटळ आडवी आली, आता निघू नये!"

गाडी चुकली. अक्काला बोलण्यात गुंतवलं, अशी फुशारकी मी वर्षानुवर्षं मारली. आता ती ऐकायला अक्का नाही. आज आठवलं, कंडक्टर हाका मारत असताना अक्काच पिशवी मांडीवर घेऊन, आणखी ऐकायला बाकावर टेकत म्हणाली होती, "आखो सांग ना, भाऊ!"