तिची सात हजार पावलं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्याच्या तपासणी विभागात माझी सदतीस वर्षं गेली. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि कागदावर लाल शेरा मारायचा, हेच काम. निवृत्त झालो, शेरा मारायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी स्वतःला सुधारायला घेतलं. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी बायकोलाही सुधारायला घेतलं.

जे. पी. नगरच्या आमच्या घरात फ्रिजवर तक्ता लागला. साडेपाचला उठणं, प्राणायाम, दहा नवे कन्नड शब्द आणि सात हजार पावलं. एक रकाना माझा, एक तिचा. अर्धं आयुष्य या कन्नड गावात काढून मी दुकानात ‘स्वल्प कमी करा’ एवढ्यावरच भागवत आलो होतो, त्याची आता लाज वाटायची. झाडांची नावं शोध, ताऱ्यांची माहिती काढ, असं काही ना काही माझं चालूच असायचं. मारतहळ्ळीला राहणाऱ्या मुलीनं आम्हा दोघांना पावलं मोजणारी घड्याळं आणून दिली. दोघांचेही आकडे माझ्या फोनवर दिसायचे. मी हरखलोच. आकडा हातात असला की मला बरं वाटतं.

बायकोचा आकडा तीन हजारांवर अडायचा. “दम लागतो हो,” ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, “अगं, अंगात सुस्ती भरलीय. चाललीस की जाईल.” त्या रविवारी तिच्या रकान्यात मी लाल पेनानं ‘असमाधानकारक’ असं लिहिलं. तिनं वाचलं आणि कणीक मळत राहिली.

बागेत तिच्या चालीनं चालायचं म्हणजे माझी चिडचिड व्हायची. शेवटी मी म्हटलं, तू वरच्या मजल्यावरच्या अक्कांबरोबर चाल, मी आपला पुढं होतो. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलतात मराठी, पण मध्येच एखादा कन्नड शब्द. सत्तरी ओलांडलीय आणि अशा चालतात की मला धाप लागावी.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत बायकोचे आकडे चढायला लागले. पाच हजार, सहा, मग रोज सात. मी मुलीला फोन करून सांगितलं, “बघ, शिस्त लावली की माणूस सुधारतो.” बायको जिन्यात मध्येच थांबायची, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, ते मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, नाटकं आहेत.

त्या सोमवारी सकाळी माझी तिसरी फेरी चालू होती. एरवी त्या दोघी बागेच्या पलीकडच्या वाटेनं चालायच्या; आज समोरून अक्का आल्या, एकट्याच. त्यांच्या मनगटावर दोन घड्याळं होती. एकाचा पट्टा तपकिरी, मीच निवडलेला.

“हे तुमच्या हातात कसं?” मी विचारलं.

“अण्णा, स्वल्प हळू बोला,” अक्का म्हणाल्या. “ती तिकडं बाकावर बसलीय. महिना झाला, रोज बसते. घड्याळ मला देते, मी चालते.”

“आणि तुम्ही घेता?”

“काय करू मग? आकडा कमी आला की तुम्ही बोलता म्हणे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा बाकाकडे निघालो. चालता चालता वाक्यं जुळवत होतो, आणि पोचल्यावर सगळी ओतली. महिनाभर मला फसवलंस, चार लोकांत माझं हसं केलंस, लाज नाही वाटली? दोन माणसं चालायची थांबून बघायला लागली. ती खाली मान घालून ऐकत होती. तिनं उजव्या हातानं डावा दंड घट्ट धरला होता. हवा गार होती आणि तिचं कपाळ घामानं निथळत होतं.

“अहो, नंतर ओरडा,” ती म्हणाली. “चालताना दुखायचं. आज बसूनही दुखतंय.”

मी आणि मागोमाग आलेल्या अक्कांनी तिला धरून फाटकापर्यंत आणलं. अक्कांनी रिक्षा थांबवली, आम्ही तिला मध्ये बसवलं. पुढं रस्ता खणलेला, त्यापुढं सिग्नल. पाठ केलेल्या शेकडो कन्नड शब्दांपैकी एकही तोंडात येईना. मी रिक्षावाल्याला सरळ मराठीत म्हणत होतो, लवकर चला हो, लवकर चला. त्याला ते समजलं असावं, कारण त्यानं गल्लीतून गाडी घातली. ती डोळे मिटून होती. मी दर मिनिटाला तिला हाक मारत होतो आणि तिनं ‘हं’ म्हटलं की पुढच्या मिनिटाची वाट बघत होतो. एकदा ती ‘हं’ म्हणाली नाही. अक्कांनी तिच्या नाकाशी हात धरला आणि मला म्हणाल्या, “आहे, आहे.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हिंदीत विचारलं, किती चालल्यावर दुखतं? माहीत नव्हतं. कधीपासून? माहीत नव्हतं. रात्री झोप लागते का? तेही माहीत नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो मी. कारखान्यात नव्या माणसाला मी पहिला धडा हाच द्यायचो की मोजमापावर विसंबण्याआधी मोजायचं साधन तपासून घे. मग बाईंनी तिलाच विचारलं. उत्तर द्यायच्या आधी तिनं माझ्याकडे बघितलं, सांगू का, असं. ते बघणं मला अजून सोसत नाही.

तिला आत नेलं. दोन तास मी दाराशी उभा होतो. अक्का ‘बसा अण्णा’ म्हणत राहिल्या, मी बसलो नाही. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडली, आत जाळी बसवली. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं बाई म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

पाचव्या दिवशी ती घरी आली. पंधरवड्यानं तपासणी झाली आणि रोज थोडं चालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी चपला घालून तयार होतो. तिच्याच चालीनं चालेन, अगदी बरोबरीनं, असं म्हणालो. मनापासून म्हणालो.

तिनं साडीला पिन लावली. “नको,” ती म्हणाली. “मी अक्कांबरोबर जाते.”

“मी काही बोलणार नाही.”

“माहितीय,” ती म्हणाली. “पण तुम्ही बरोबर असलात की दुखलं तरी मी सांगणार नाही. सवयच लागलीय मला तशी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. मी दार उघडून दिलं आणि ती कठड्याला धरून खाली उतरली.