मातीखाली झोपलेले भुंगेरे

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आज फावडी चालली आहेत. उलथलेल्या ढेकळांत ज्वारीच्या दाण्याएवढे भुंगेरे पाय पोटाशी घेऊन पडलेत. गेल्या पावसाळ्यात तण खाऊन टाकावं म्हणून आम्हीच ते गाजरगवतावर सोडले होते. त्यांनी पानांची पार चाळण केली, तेव्हा कॉलनीच्या अध्यक्षांनी त्यांच्यासोबत फोटोही काढून घेतला. मग गवत वाळलं, भुंगेरे मातीत शिरले, आणि आता मार्चमध्ये अध्यक्ष म्हणतात, "मेले सगळे. खणून जागा साफ करा."

"अहो, झोपलेत ते. पाऊस पडला की उठतील."

"काकू, माझा भाऊ जम्मूला असतो. त्याच्याकडे हेच किडे थंडीत झोपले होते, ते उठलेसुद्धा!"

अरे, पण हे जम्मू आहे का? तिथे थंडी जीव घेते, म्हणून हा किडा थंडीत झोपतो. इथे उन्हाळ्यात हिरवं पान मिळत नाही, म्हणून तो उन्हाळाभर झोपतो. उत्तरेकडे सरकावं तशी त्याच किड्याची झोप बदलत जाते. एवढ्याशा जिवाला आपण कुठे राहतो ते कळतं. आम्ही मात्र जन्म इथे काढून भर एप्रिलात लॉन हिरवंगार नाही म्हणून माळ्यावर खेकसतो.

संतापून मी एक भुंगेरा तळहातावर घेतला. जरा वेळाने, उबेने असेल, त्याने एक पाय हलवला. मी हात अध्यक्षांच्या नाकासमोर धरला.

"बघा, जिवंत आहे!"

"अरे बापरे," ते मजुरांकडे वळून ओरडले, "थांबा रे, आधी औषध मारून घेऊ."