पॅच टेस्ट ह्यांच्या हातावर

ऐकायचंय ना? मग चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हे सांगताना समोरच्या वहिनींना असा ठसका लागला की माझी नवी चादर कामातून गेली.

तर आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये मी म्हणजे बिनफीची डॉक्टर. कुणाला खोकला झाला, कुणाच्या टाचांना भेगा पडल्या, की पहिली बेल माझ्या दारावर. आणि माझ्या लेकीचा, मुक्ताचा साखरपुडा ठरला तेव्हा नेमकं माझ्याच गालांवर पुरळ! सगळ्यांना सल्ले देणारी बाई, तिचंच तोंड असं. अब्रूचा प्रश्न झाला हो.

त्यात होणाऱ्या विहीणबाई, भांडुपच्या सुलभाताई! वय माझ्याएवढंच, पण गाल असे की साबणाच्या जाहिरातीत सहज खपतील. फोटोत आम्ही दोघी शेजारी उभ्या राहणार. लोक म्हणणार, ही मुलीची आई की आजी? सांगा, कुठल्या बाईला चालेल?

शेवटी मुक्ताने एक बाटली आणून दिली. विच हेझल.

"आई, हा एका झाडाच्या सालीचा अर्क आहे. बिना अल्कोहोलचा बघून आणलाय. पण लगेच तोंडाला फासू नकोस हं! आधी पॅच टेस्ट करायची. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावायचं, एक दिवस थांबायचं. काही झालं नाही तरच चेहऱ्यावर. तेही कापसाने, हलकेच, डोळ्यांपासून लांब."

"तू मला शिकवतेस?" मी म्हटलं.

आता मला सांगा, आमच्या घरात नवीन काही आलं की त्याची परीक्षा कुणावर? ह्यांच्यावर! लोणचं मुरलंय का, बघा हो. दूध नासलंय का, बघा हो. लग्न झाल्यापासून हा माणूस बघतोच आहे. मग टेस्ट म्हटल्यावर मी बाटली घेऊन दुसरीकडे कुठे जाणार?

हे पेपर वाचत बसले होते. मी बाही वर सरकवली आणि कोपराच्या आत ते पाणी चोळलं. हे दचकले. दचकले की ह्यांच्या तोंडून मालवणीच बाहेर पडते.

"अगो, तोंड तुजा नि हात माजो?"

"गप्प बसा हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि तिथे पाणी लागू देऊ नका."

बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी अंघोळसुद्धा एक हात वर धरून केली. आणि हाताला काय झालं? काहीही नाही! ना लाली, ना खाज. लहानपणी खाडीत खेकडे धरलेला हात तो, त्याला काय होणार? पण मी खूश. टेस्ट पास!

मग मी सुरू केलं. हलकेच? थोडंसं? अहो, साखरपुडा तोंडावर आलेला! कापसाच्या घड्या चांगल्या भिजवल्या, दोन्ही गालांवर चिकटवल्या आणि मालिका बघत बसले. थोड्या वेळाने झोंबायला लागलं. मला उलट बरं वाटलं! आपल्याकडे कसं, झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं. लहानपणी फुटलेल्या गुडघ्यावर औषध लावल्यावर आपण बोंब ठोकली की आईला समाधान वाटायचं ना? तेच. म्हणून झोपताना आणखी एकदा लावलं.

सकाळी आरशात बघितलं आणि पुरती वाट लागलेली! दोन्ही गाल पिकल्या रातांब्यासारखे लालभडक. ओढणी गुंडाळून तशीच खालच्या मजल्यावर स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. मुलगी तरुण आहे, मुक्ताच्याच वयाची.

"काकू, पॅच टेस्ट केली होतीत?"

"म्हणजे काय! कोपराच्या आत. अगदी एक दिवस थांबून."

"मग खाज, लाली?"

"छे गं! ह्यांना काहीसुद्धा झालं नाही."

तिचं पेन थांबलं. "कुणाला?"

"ह्यांना."

"काकू, आणि चेहरा कुणाचा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हसू दाबत ती म्हणाली, "प्रत्येकाची त्वचा वेगळी असते. काकांना चाललं म्हणजे तुम्हाला चालेल असं नाही. आणि झोंबायला लागलं की धुवून टाकायचं, वर परत नाही लावायचं! आता थंड पाणी आणि हे साधं मॉइश्चरायझर, बस. मेकअप अजिबात नाही."

"अगं, पण परवा साखरपुडा आहे!"

"मग परवा लाल दिसाल."

झालं! पैठणी, नथ आणि ते दोन गाल घेऊन मी हॉलच्या दारात उभी राहिले. सुलभाताई आल्या, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं बाई! रात्रभर रडलात ना?"

मी उगाच नथ सावरली.

"अहो, मुलगी काही परदेशी चाललेली नाही," माझा हात धरून त्या म्हणाल्या. खरंच होतं. मुलुंडहून रिक्षात बसून पदर सावरेपर्यंत भांडुप येतं! पण त्यांनी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी मावशींना, आणि बघता बघता त्यांच्याकडच्या बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून जायला लागल्या. एकीने तर स्वतःचेच डोळे पुसले. शेवटी सुलभाताईंनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "लग्नानंतर दर रविवारी सून माहेरी! एवढी माया मी कुठे बघितली नाही."

मुक्ता ओठ चावत छताकडे बघत होती. मी मान खाली घालून पदर नाकाला लावला. अहो, दर रविवार मिळत होता! तुम्ही काय केलं असतं?

पण ह्यांना कुठे गप्प बसवतंय? व्याही कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मात्र खंबीर हं. चेहऱ्यावर काही दिसत नाही."

आमचा सरळ माणूस. झब्ब्याची बाही वर केली आणि कोपर त्यांच्यापुढे धरलं. "हातावर पण काय नाय. हिने आधी माझ्यावर करून बघितलं ना."

"काय करून बघितलं?"

मग काय विचारता! बाटली, कापूस, मालिका, डॉक्टरीणबाई, सगळं बाहेर आलं. हॉल असा हसला की भटजी मंत्र विसरले. मला वाटलं, धरणीमातेने आता पोटात घ्यावं. सुलभाताई खुर्ची धरून हसत होत्या. हसून हसून दमल्यावर म्हणाल्या, "जाऊ द्या, रविवार तेवढा दिला तुम्हाला!"

मग अंगठ्या आल्या. मुक्ताने हात पुढे केला आणि मला एकदम बालवाडीच्या दारात माझा पदर घट्ट धरून ठेवणारा तो चिमुकला हात आठवला. आता खोलीतला दिवा तसाच चालू ठेवून कोण जाणार, आणि मी ओरडणार कुणावर? भरून आलं हो मला. खरंखुरं. धाय मोकलून रडले. आणि ते खारं पाणी सोललेल्या गालांवरून ओघळलं तशी 'आई गं!' म्हणून किंचाळलेसुद्धा.

कुणी जवळ घेतलं असेल? छे! सुलभाताई थंड पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आज पण लावलंत का हो?"