काकांची ओळ

"थांब. आधी वाचू."

काकांचं कुठलंही काम या तीन शब्दांनी सुरू व्हायचं. खिशातून चष्मा काढायचा, रुमालाने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा पुसायचा. तोवर समोरच्याचा चहा निवलेला. लिफ्टमधली सूचना, खोकल्याच्या बाटलीचं लेबल, वडापावचा कागद, काही म्हणजे काही सुटायचं नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला हसतो आणि अडलं की त्याच्याकडेच जातो.

परळच्या ज्या हॉस्पिटलची वेबसाइट मी सांभाळतो, तिथे काका बँकेतून निवृत्त झाल्यावर स्वयंसेवक म्हणून येऊ लागले. गिरगावातले जुने मुंबईकर, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा वॉर्ड त्यांनी मागून घेतला होता. तिथे एक जैन आजोबा रोज उपाशी झोपायचे, कारण जेवणाची गाडी सूर्य मावळल्यावर यायची. आजोबा तक्रार करत नव्हते आणि सिस्टरांना वाटायचं, भूक मेली असेल. काकांनी स्वयंपाकघराशी भांडभांड भांडून त्यांचं ताट दिवसाउजेडी आणवलं. तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला, की कुठल्या घरात काय चालतं हे सिस्टरांना आधीच कळायला हवं.

"नेटवर सगळं आहे रे," ते मला म्हणाले. "परदेशातल्या हॉस्पिटलांनी एकेका धर्माची पानं केलीत. आपण मराठीत आणू."

"काका, घरोघरी मातीच्या चुली. त्यात लिहायचं काय?"

"चूल मातीची असेल. वर काय शिजतंय ते बघ."

मग रोज दुपारी ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. माझा जीव जायचा. पण पानं उत्तम झाली, हे मान्य करायला हवं. लहान वाक्यं, सोपी भाषा. रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींशी इन्सुलिनबद्दल आधीच बोलून घ्या, पारशी बाईंच्या कमरेचा पवित्र दोरा न विचारता सोडू नका, असं बरंच काही. वॉर्डातल्या टॅबवर सिस्टर ती उघडून बघायच्या. बाहेरून पाहणीला आलेल्या मंडळींनी वाहवा केली, तेव्हा मोठ्या साहेबांनी काकांना पुष्पगुच्छ दिला. काकांनी त्याला लावलेली चिठ्ठीसुद्धा चष्मा लावून वाचली.

'बौद्ध' या पानाने पहिला घोळ घातला तो जेवणात. नायगावच्या एका गृहस्थांच्या ताटात बिनकांद्याची, बिनलसणाची भाजी येऊ लागली. दोनचार दिवस त्यांनी ती गिळली आणि मग काकांना बोलावलं. "काका, माझं पथ्य तरी काय आहे नक्की? घरी मी सुकट खातो." काका हसले, मीही हसलो. खाली येऊन त्यांनी ती ओळ बदलली आणि लिहिलं, 'जेवणाबद्दल रुग्णाला विचारा.' तिच्या खालची ओळ मात्र तशीच राहिली.

ती अशी होती: 'शेवटच्या काळात मन स्वच्छ राहावं म्हणून बौद्ध रुग्ण गुंगी आणणारी वेदनाशामक औषधं टाळतात.'

मूळ पानावर ते कुठल्या दूरच्या देशातल्या साधकांबद्दल असेल. आमच्या समोरच्या चाळींवर निळे झेंडे लागतात, त्या घरांतल्या कुणी ते ऐकलंही नसेल.

काही महिन्यांनी त्याच चाळींतल्या एक आजी दाखल झाल्या. कॅन्सर हाडांत पोचला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिलं होतं आणि मधे दुखलं तर द्यायचा जादा डोसही. शनिवारी नवी सिस्टर ड्यूटीवर होती. मनापासून काम करणारी मुलगी. आल्या आल्या तिने काकांची सगळी पानं वाचून काढली होती. आजी कण्हायला लागल्या तेव्हा तिने अगदी प्रेमाने विचारलं, "आजी, मन शांत ठेवायचंय ना तुम्हाला? जादा औषध नको ना?"

आजी म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

जन्मभर दवाखान्यांतून त्यांनी हेच उत्तर दिलं असणार. सिस्टरने चार्टवर 'जादा डोस नको' लिहून ठेवलं. शनिवार गेला, रविवारचा दिवस गेला. संध्याकाळी आजींची मुलगी भेटायला आली, तेव्हा आजी चादरीचा बोळा दातांत धरून पडल्या होत्या. मुलीने डॉक्टरांना बोलावून घेतलं, मग डोस मिळाला.

सोमवारी सकाळी काकांचा मला फोन आला. "वर ये," एवढंच.

आजी झोपल्या होत्या. मुलगी पलंगाशी उभी होती, पोस्टात नोकरी करणारी पन्नाशीची बाई. काकांच्या हातात टॅब होता, पण चष्मा खिशातच होता.

"हे तुम्ही लिहिलंत?" तिने विचारलं.

"हो."

"आमच्यात दुखलं की औषध घेतात, काका. तुमच्यात नाही का घेत?"

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. काकांनी टॅब पालथा ठेवला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. बँकेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर कित्येक वर्षं असाच चाळीतला, बौद्ध घरातला माणूस बसायचा, दोघं एका डब्यात जेवायचे, हे त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं. "त्याला एक फोन केला असता तरी भागलं असतं रे."

ती ओळ मी त्याच दुपारी काढली. आजींना पुढे औषध वेळेवर मिळालं आणि काही दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. तोवर काका रोज त्यांच्या उशाशी बसायचे. आजींनी त्यांना माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. हे गृहस्थ कोण, हेही त्यांना उमगलं नसावं. मुलगी त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

पण ओळ काढून ती जात नाही. आमची पानं फुकटची आणि मराठीतली, ती कोण सोडणार? कुठल्या नर्सिंग कॉलेजने उचलली होती, कुठल्या संस्थेने, कुणी ब्लॉगवर चिकटवली होती. काकांची ओळ जशीच्या तशी, काना-मात्रेसकट.

काका फोन करू लागले. "नमस्कार. तुमच्या साइटवर बौद्ध रुग्णांबद्दल एक ओळ आहे. ती माझी आहे. चुकीची आहे, कृपा करून काढा." कुणी म्हणायचं, बघतो. कुणी म्हणायचं, मेल करा. एकाने तर समजूत घातली, "काका, इतकी छान माहिती, काढायची कशाला?" काहींनी काढली, त्यातल्या एकाने चार महिन्यांनी साइट नवी केली आणि जुनी पानं पुन्हा चढवली.

मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, सोडा आता. कुणाकुणाच्या मागे धावणार?"

"त्या शनिवार-रविवारसारखे दिवस आणखी कुणाच्या वाट्याला येतील रे."

वडापावचा कागद ते आता न बघताच चुरगळून टाकायचे. "थांब, आधी वाचू" त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही, आणि ज्याची मी इतकी थट्टा केली त्या वाक्यासाठी माझे कान आसुसले.

मग छातीचं दुखणं निघालं आणि त्यांचं येणं बंद झालं. मी गिरगावात भेटायला गेलो तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते, कानाला फोन. मला हातानेच बस म्हणाले. पलीकडे होल्डवरची धून वाजत होती, मलाही ऐकू येत होती. चहा आला, निवला. धून संपली आणि फोन कट झाला. काकांनी पुन्हा तोच नंबर लावला.

यंदा होळीच्या सुमारास ते गेले.

परवा दुपारी काम नव्हतं. मी सहज त्या ओळीतले शब्द टाकून नेटवर शोधलं. काकांची ओळ सगळ्यात वर आली, ठळक अक्षरांत. खाली कुठल्याशा संस्थेचा नंबर होता. मी तो लावला.

"नमस्कार. तुमच्या साइटवर बौद्ध रुग्णांबद्दल एक ओळ आहे. ती चुकीची आहे, कृपा करून काढा."

"आपण कोण बोलताय?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणालो.

"एक मिनिट हं, होल्ड करा."

धून सुरू झाली. मी थांबलो.