तळ्याखालच्या नगराचा शेवट

ओल्या विडीच्या पानांचा वास मला अजूनही कुठेतरी अवचित गाठतो. पाण्यात भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवलेली ती पाने सकाळी उलगडली की आधी भिजल्या लाकडाचा, मग किंचित आंबूस आणि त्यामागून घशाला खवखव आणणारा तंबाखूचा, असा तिपेडी वास आमच्या दारापर्यंत येई. त्या वासातच मी कादंबऱ्या वाचायला शिकले. त्याआधी वाचत होते, पण डोळ्यांनी.

सोलापुरात, विणकरांच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. समोर तेलुगू बोलणाऱ्या एका विणकराचे माग होते. त्यांची खटखट इतकी अखंड असे की ती थांबली तरच ऐकू येई. शेजारच्या खोलीत मावशी राहत. त्या नात्याने आमच्या कोणी नव्हत्या. करकंबच्या बाजूच्या एका गावाहून दुष्काळाच्या वर्षी त्या शहरात आल्या आणि इथल्या बायकांकडून विड्या वळायला शिकल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हाताशी कात्री आणि पत्र्याचा साचा. साच्याबरहुकूम पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी. मावशी मोजत नसत. मूठ भरली की जुडी पंचविसाची झालेली असे.

मराठी काव्य हा विषय घेऊन मी नुकतीच एम. ए. झाले होते आणि नोकरीच्या पत्राची वाट पाहत दारात वाचत बसे. एके दिवशी मावशी म्हणाल्या, "एकटीच काय गिळतीस पोरी? मोठ्यानं वाच की. आमचं हात गुतल्यात, कान रिकामंच हायेत."

तेव्हापासून दुपारी त्यांच्या पायरीवर वाचन सुरू झाले. वळणाऱ्या चार-पाच बायका असत. वाचणारीला पुसलेली जागा आणि पहिला चहा मिळे. पुस्तकाला तंबाखूचे हात लावायचे नाहीत, हा नियम त्यांनीच केला होता. खूण म्हणून मी विडीच्या फाटक्या पानाचा तुकडा ठेवी. माझ्या वाचण्याला कात्रीचा ताल होता. भीतीदायक मजकूर आला की कात्र्या मंदावत आणि एखाद्या मूर्ख नायकाने मूर्खपणा केला की त्या भराभर चालत.

"ह्याला आय न्हाय का सांगाया?" मावशी विचारत.

"आय असती तर कादंबरी कशी झाली असती?" दुसरी कोणी म्हणे.

त्या वर्षी वाचनालयातून मी एक तीन भागांची अद्भुत कादंबरी आणली. एका मोठ्या तळ्याच्या तळाशी एक नगर आहे. तळ्यात बुडालेली माणसे मरत नाहीत, तिथे नांदतात. त्यांच्या घरांना दारे आहेत, अंगणे आहेत, दिव्यांच्या ज्योती वर न जाता आडव्या वाहतात. नगराला एकच वेस. अवसेला ती उघडते आणि बुडालेले लोक तळ्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन आपल्या माणसांना भेटतात. नायिका पहिल्याच भागात बुडते आणि पुढचे दोन भाग पायरीवर येत राहते.

कादंबरी थोर नव्हती. विशेषणांची खैरात होती आणि त्यातला दुष्ट मांत्रिक दर दहा पानांनी हसत असे. पण पहिल्या भागातले ते बुडणे वाचले, त्या दुपारी मावशींची कात्री मंदावली नाही. ती थांबली. मला वाचता वाचता तेव्हा आठवले. मावशींची एकुलती एक मुलगी भीमेकाठच्या एका गावी दिली होती. लग्नानंतर दीड वर्षाने ती तिथल्या विहिरीत गेली. पाय घसरला, असे सासरच्यांनी सांगितले. मावशी त्यावर कधी काही बोलत नसत.

मी पुस्तक मिटू लागले, तर त्या म्हणाल्या, "का ग? वाच की. तितं खाली घरं हायेत म्हणालीस न्हवं?"

त्यानंतर त्यांनी एकही दुपार चुकवली नाही. उजनीच्या धरणाचे काम तेव्हा चालू होते आणि मुलीचे ते गाव पाण्याखाली जाणाऱ्या गावांत होते. दुसरा भाग संपला त्या दिवशी दोरा दाताने तोडत त्या सहज म्हणाल्या, "आता समदं गावच तिच्याकडं चाललंय. करमंल तिला."

मागांची खटखट तेवढी चालू होती.

तिसरा भाग मी आधी घरी वाचून काढला आणि शेवटाने मला घाबरवले. मांत्रिक सात गाठींचा दोरा वेशीला बांधतो. वेस कायमची मिटते. मिटताना नायिका एकेका माणसाचे नाव विसरत जाते. नवऱ्याचे, बहिणीचे, सर्वांत शेवटी आईचे. रिकाम्या पायरीवर पाणी हलत राहते आणि पुस्तक संपते. हे मावशींना वाचून दाखवणे माझ्याने होणार नव्हते. म्हणून मी शेवटचे प्रकरण वाचलेच नाही. दोऱ्याची सातवी गाठ बसत नाही, वेस किलकिली राहते आणि दरवर्षी एका अवसेला ती पायरीवर येऊन आईच्या हातचा भात खाते, असे मी पुस्तकाकडे पाहत तोंडाने रचले. कवितेत मुरलेल्या माझ्या कानाला ती वाक्ये बरी वाटली, हेही कबूल केले पाहिजे. मी पुस्तक मिटले. मावशी थोडा वेळ माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं वाचलंस."

वर्ष गेले. गावातल्या एका साप्ताहिकात माझ्या दोन कविता आल्या होत्या. त्या ओळखीवर संपादकांनी बोलावणे धाडले. ते वयस्क, धोतर नेसणारे, टेबलावरचे कागद शाईच्या दौतीने दाबून ठेवणारे गृहस्थ होते.

"रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी एक श्रुतिका-मालिका सुरू होते आहे," ते म्हणाले. "भुताखेतांची. कादंबऱ्यांवरून बेतलेली. आमच्याकडे भुतांवर लिहील असं कोणी नाही. कवी मंडळी त्यातल्या त्यात जवळची."

"परीक्षण लिहू म्हणता?"

"लिहा. पण विशेषणं बेतानं वापरा, बाई. आमचा कंपोझिटर म्हातारा आहे."

पहिल्या कादंबरीचे वर्णन त्यांनी केले आणि माझ्या लक्षात आले की ही तीच आहे, तळ्याखालच्या नगराची. मी हो म्हणून बसले होते. शेवटच्या भागाचा विचार जिना उतरताना आला.

गुरुवारी संध्याकाळी पायरीवरच्या बायका आमच्या घरी येऊ लागल्या. ट्रान्झिस्टर फळीवर, खाली सतरंजी. सूप आणायला आईने बंदी केली, म्हणून पहिल्यांदाच मी त्यांचे हात रिकामे पाहिले. ते मांडीवर अवघडून पडलेले असत. समोरचे विणकरही श्रुतिकेच्या वेळी माग बंद करू लागले. रोजची खटखट थांबली की गल्ली एकदम रुंद झाल्यासारखी वाटे.

मी वहीत टिपणे काढी. पाण्याचा आवाज बहुधा घंगाळ्यात हात फिरवून काढलेला, पण त्याला खोली होती. वेस उघडताना एक लांब, ओढलेला, धातूचा करकराट येई. तो मला फार आवडला. मांत्रिक रेडिओवरही हसतच होता. पण एक गोष्ट खटकत होती आणि ती मला शब्दांत धरता येत नव्हती. दुसऱ्या गुरुवारी मावशींनी ती धरली.

"बाई बोलती चांगली. पन तिचा आवाज लई कोरडा हाय. पाण्यातनं आलेली बाई अशी बोलंल व्हय? वाक्याच्या शेवटाला गारठली पायजे."

मी हे वाक्य, भाषा नेटकी करून, परीक्षणात घातले. संपादकांनी त्याखाली रेघ मारून निरोप पाठवला की ही दृष्टी वाढवावी. छापून आल्यावर मी परीक्षण पायरीवर वाचून दाखवले. स्वतःचे वाक्य ऐकून मावशी हसल्या. "माझंच मला इकतीस व्हय ग?" एवढेच म्हणाल्या. त्यानंतर मी दर आठवड्याला त्यांना विचारून लिहू लागले आणि दर आठवड्याला शेवटचा भाग एका गुरुवारने जवळ येत गेला.

नाट्यरूपांतर कादंबरीशी प्रामाणिक होते. परीक्षक म्हणून मी तसे दोनदा लिहिले होते. शेवटही ते बदलणार नाहीत, हे मला ठाऊक होते. मावशींजवळ वर्षभर जो किलकिला दरवाजा होता, तो मी दिलेला होता आणि आता रेडिओ तो मिटणार होता.

शेवटच्या गुरुवारी दुपारी मी ट्रान्झिस्टरचे सेल काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि पायरीवर जाऊन सांगितले की रेडिओ बिघडला आहे.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि पान कापू लागल्या.

माझी चूक इतकी सरळ होती की मला दिसली नाही. संध्याकाळी माग थांबले. गल्ली नेहमीसारखी रुंद झाली. आणि समोरच्या शेडमधून, मागांवर मात करायची सवय लागलेला त्यांचा मोठा रेडिओ पूर्ण आवाजात बोलू लागला. सोलापूरच्या त्या वस्तीत खाजगी आवाज नव्हताच. मी त्याच गल्लीत वाढून ते विसरले होते. मी दारात उभी राहिले. मावशी पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर सूप होते. एक, दोन, सात गाठी बसल्या. वेशीचा तो मला आवडलेला करकराट आला, पण उलटा, मिटण्याचा. मग त्या कोरड्या आवाजाची नटी नावे विसरू लागली. मी मावशींच्या हातांकडे पाहत होते. आईचे नाव गेले, तेव्हाही ते थांबले नाहीत. विडी वळली गेली, तोंड मुडपले गेले, दोरा गुंडाळला गेला.

रेडिओवर संगीत वाजले. माग पुन्हा सुरू झाले. त्या सूप उचलून आत गेल्या. मी हाक मारली नाही.

परीक्षण लिहायला मला दोन दिवस लागले. शेवट खोटा आहे असे लिहिण्याचा मोह फार होता. मावशींसाठी ते लिहिता आले असते आणि संपादकांना पटवताही आले असते. पण पुस्तक मी वाचले होते. "अखेर मूळ कादंबरीबरहुकूमच आहे," असे मी लिहिले आणि पुढे एक वाक्य घातले की हा शेवट निर्दय असून लेखकाने आपल्या माणसांवर दया दाखवायला हवी होती.

अंक आला. रिवाजाप्रमाणे तो पायरीवर वाचायचा होता. त्या दुपारी मावशी एकट्याच होत्या. मी एक शब्दही न बदलता सगळे वाचले. मूळ कादंबरीबरहुकूम, हे शब्द आले तेव्हा माझाच आवाज कोरडा झाला.

"मावशी," मी म्हणाले, "मी तुम्हाला त्या वेळी..."

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

त्यांनी नुकतीच बांधलेली जुडी माझ्या हातात दिली. "किती हायेत?"

"पंचवीस."

"मोजल्यास?"

"नाही."

"मी बी मोजत न्हाय. हाताला कळतंय. तू पुस्तक मिटलंस तवा बोटभर जाडी उरली हुती. एवढ्या पानांत कुणी गप ऱ्हातंय व्हय?"

मी जुडी सुपात ठेवली. त्याच पुढे म्हणाल्या, "तुझा भात बी चांगला हुता. वरीसभर खाल्ला मी."

मग पान भिजवताना बोलावे तितक्या सहज स्वरात त्यांनी विचारले, "निर्दय कशापायी लिवलंस?"

"ती सगळ्यांना विसरते म्हणून. आईलासुद्धा."

"इसरली तर बरंच की," मावशी म्हणाल्या. "दर अवसेला पायरीपतोर यायचं आन माघारी जायचं, तिला किती तरास. मला तर तिच्या पायांचीच काळजी लागलेली. आता तितं ऱ्हाईल सुखानं. आठवायचं ते आपण. तिनं कशाला?"

एम. ए.ची दोन वर्षे मी कवितेचे शेवट शिकले होते. कुठला शेवट मिटतो, कुठला उघडा राहतो, याची टिपणे माझ्या वह्यांत होती. मिटलेल्या दाराच्या आत कोणी निवांत झोपू शकते, हे त्यांपैकी एकातही नव्हते.

मावशी उठल्या. हात पाण्याने धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. आत जाऊन त्यांनी कापडात बांधलेले काही आणले आणि माझ्या मांडीवर ठेवले. गाठ सोडली. तिसरा भाग होता. एकट्या, विचारत विचारत, वाचनालयाच्या पायऱ्या चढून त्यांनी तो आणला होता.

"रेडिओत समदं नीट ऐकाय आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "माग लौकर चालू केलं मुडद्यांनी."

मी पुस्तक उघडले. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी वर्षापूर्वीचा विडीच्या पानाचा तुकडा तसाच होता, वाळून तपकिरी झालेला. त्याला अजून वास होता. मावशींनी मांडीवर सूप घेतले, कात्री उचलली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"वाच."